प्रवाळाच्या अन्नाचे अन्न

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यात जिवंत प्रवाळ वाढवण्याचा छंद अमेरिका, युरोप, जपान, सिंगापूर इथे चांगलाच रुजला आहे. या छंदात मुरलेल्यांच्या घरी मुख्य टाकीशेजारी, एखाद्या फळीवर ट्यूबलाइटसमोर, हिरव्यागार पाण्याच्या बाटल्यांची रांग दिसते. प्रत्येक बाटलीत एक बारीक नळी सोडलेली असते आणि तिच्यातून सतत बुडबुडे येत असतात. ते पाणी नासलेले नसते. त्यात मुद्दाम वाढवलेले वनस्पतीप्लवक असते, आणि रोज त्यातले थोडे पाणी प्रवाळांच्या टाकीत ओतले जाते. कशासाठी, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच: प्रवाळांना खाऊ घालण्यासाठी. ही बाटली घरात असणे फार चांगले, असे माझे मत आहे. पण तिच्यामागचे हे कारण अर्धेच खरे आहे. टाकीतले बहुतेक प्रवाळ ते हिरवे पाणी थेट खातच नाहीत, किंवा खाल्ले तरी नाममात्र खातात. ते खाणारे जीव वेगळे असतात, आणि प्रवाळ त्या जिवांना व त्यांच्या पिल्लांना खातात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. कारण चुकीचे धरले की प्रमाण चुकते, वेळ चुकते, जात चुकते, आणि मग एक चांगली पद्धत टाकी बिघडवते म्हणून बदनाम होते.

वनस्पतीप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, एकेका पेशीचे सूक्ष्म शैवाल. काटेकोर वर्गीकरणात त्यांतल्या कित्येकांना वनस्पती म्हणता येत नाही, पण काम वनस्पतीचेच: प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले क्षार घेऊन अन्न तयार करणे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे समुद्रात होते, आणि त्याचा फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशींच्या वाट्याचा आहे. घरगुती बाटलीत सर्वांत जास्त वाढवली जाते ती नॅनोक्लोरोप्सिस. तिची पेशी दोन ते चार मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. टेट्रासेल्मिस तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, दहा मायक्रॉनच्या आसपास, आणि स्वतःहून पोहणारी. आयसोक्रायसिस सोनेरी तपकिरी, चार-सहा मायक्रॉनची, जरा नाजूक. ही मापे ध्यानात ठेवलेली बरी, कारण समुद्रात कोण कोणाला खाऊ शकेल हे बऱ्याच अंशी मापावर ठरते.

आता प्रवाळ. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहतात आणि प्रकाशात ते जी साखर बनवतात तिचा मोठा वाटा यजमानाला मिळतो. ही गोष्ट आज शाळेतल्या पुस्तकातही सापडेल, पण ती सिद्ध व्हायला वेळ लागला. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आइल्स बेटांवर जाऊन राहिली. यंग यांनी प्रवाळांना नाना प्रकारचे अन्न घालून पाहिले आणि निष्कर्ष काढला की प्रवाळ हे मांसाहारी आहेत. ते प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, पकडतात, पचवतात आणि वनस्पतिजन्य अन्नाकडे पाठ फिरवतात. आतल्या शैवालांकडून प्रवाळाला अन्न मिळते, हे मात्र त्यांना पटले नव्हते. तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, लेनर्ड मस्कटाइन आणि कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवले की समुद्रफुलाच्या शरीरातले शैवाल आपण बनवलेले पदार्थ खरोखरच यजमानाच्या ऊतींना देतात. समुद्रफूल प्रवाळाचे जवळचे नातेवाईक. त्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. प्रवाळ प्रकाशावरच जगतात, दिवा चांगला असला की झाले, बाकी अन्नाची गरज नाही, असे मानणाऱ्यांची एक मोठी पिढी मत्स्यालयाच्या छंदातही तयार झाली.

हिरव्या बाटलीवरचा पहिला आक्षेप याच पिढीचा: जो प्राणी उजेडावर पोट भरतो त्याला वाढायचे कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुऱ्या हिशेबावर उभा आहे. शैवालांकडून मिळते ती मुख्यतः साखर आणि चरबी, म्हणजे चालू खर्चाची ऊर्जा. शरीर बांधायला, जखम भरायला, अंडी घडवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात, आणि प्रवाळ ते बाहेरून पकडलेल्या भक्ष्यातूनही मिळवतात. फॅनी ऊल्ब्रेक आणि क्रिस्तीन फेरिए-पाजेस यांनी २००९ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. निरोगी प्रवाळाच्या दैनंदिन गरजेचा १५ ते ३५ टक्के भाग बाहेरून पकडलेल्या अन्नातून भागू शकतो आणि विरंजन झालेल्या, म्हणजे आतले शैवाल गमावून पांढऱ्या पडलेल्या प्रवाळात हे प्रमाण १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे तो आढावा सांगतो. त्याआधी २००६ मध्ये आंद्रेआ ग्रोटोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईमध्ये एक फार बोलका प्रयोग केला होता. विरंजन झाल्यावर माँटिपोरा कॅपिटाटा या प्रवाळाने आपले खाणे इतके वाढवले की त्याची सगळी ऊर्जेची गरज त्यातून भागली. त्याच पाण्यातल्या पोरायटीसच्या दोन जातींना मात्र ते जमले नाही. म्हणजे प्रवाळाला अन्न लागते, ते किती लागते हे जातीवर अवलंबून असते, आणि संकटात तेच अन्न जीव वाचवते.

पण कोणते अन्न? प्रवाळाचा पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक जीव, शिकार करतो तो दंशपेशींनी. शुंडकाला प्राणिप्लवकाचा स्पर्श झाला की दंशपेशी फुटते, भक्ष्य जखडले जाते आणि तोंडाकडे नेले जाते. ही सगळी यंत्रणा हलणाऱ्या, वळवळणाऱ्या, मायक्रॉनच्या शेकड्यांत मोजल्या जाणाऱ्या जिवांसाठी घडलेली आहे. दोन-चार मायक्रॉनची नॅनोक्लोरोप्सिसची पेशी तिच्या हिशेबात फारशी बसत नाही. अंगावरच्या चिकट स्रावात अडकलीच तर थोडीफार आत जाते. २०१४ मध्ये मिगेल लियाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत सहा जातींच्या प्रवाळांना पाच जातींचे सूक्ष्मशैवाल घालून नंतर प्रवाळांच्या ऊतींमध्ये त्या शैवालांचा डीएनए शोधला. काहींनी शैवाल पकडल्याचे दिसले. सिन्युलारिया फ्लेक्सिबिलिस हा मऊ प्रवाळ आणि स्टायलोफोरा पिस्टिलाटा हा कठीण प्रवाळ या दोघांत मात्र त्याचा मागमूस नव्हता, आणि फिओसिस्टिस नावाच्या शैवालाला एकाही प्रवाळाने हात लावला नाही. कोणी काय पकडले याचा उलगडा भक्ष्याच्या मापावरून किंवा कुळावरूनही झाला नाही. ही दोन्ही नावे मी मुद्दाम घेतली, कारण सिन्युलारिया आणि स्टायलोफोरा हे दोघेही मत्स्यालयात हौसेने ठेवले जातात. त्यांच्यावर रोज हिरवे पाणी ओतून ते खूश झाले असे मानणाऱ्याने निदान हा प्रयोग विचारात घ्यावा.

याला एक ठळक अपवाद आहे. डेंड्रोनेफ्थिया नावाचे मऊ प्रवाळ लाल, गुलाबी, केशरी रंगांचे, पाहताक्षणी मोह पडावा इतके देखणे. त्यांच्या अंगात शैवाल नसतात, त्यामुळे प्रकाशाचा त्यांना उपयोग नाही. ते खातात काय, हे कोडे बराच काळ होते. १९९५ मध्ये कातारिना फाब्रिसियस, येहुदा बेनायाहू आणि अमात्सिया गेनिन यांनी तांबड्या समुद्राच्या अकाबा आखातात डेंड्रोनेफ्थिया हेमप्रिची या जातीचा अभ्यास करून दाखवले की तिचे मुख्य अन्न वनस्पतीप्लवक आहे. प्राणिप्लवकाचा वाटा त्यापुढे किरकोळ. शिवाय तिची वाढ पाण्याच्या प्रवाहावर अवलंबून असते, हेही याच संशोधकांच्या कामातून पुढे आले. समुद्रात तिच्या अंगावरून अखंड पाणी वाहते आणि त्यासोबत अखंड अन्न वाहते. घरच्या टाकीत दिवसातून एकदा वाटीभर हिरवे पाणी मिळालेला हा प्राणी काही आठवडे तग धरतो, आकसत जातो आणि मरतो. तो उपासमारीने मेलेला असतो, पण ती हळूहळू घडते म्हणून पाळणाऱ्याला कारण कळत नाही. त्याला जगवायचे तर थेंबाथेंबाने चोवीस तास अन्न पोचवावे लागते आणि तेवढ्याच ताकदीने पाणी साफ करावे लागते. हे सामान्य घरात होण्यासारखे नाही. विकत घेऊ नये अशा प्रवाळांत मी याचे नाव पहिले घालेन, मग घरी कितीही बाटल्या बुडबुडत असोत.

मग बाकीच्या टाकीत हिरवे पाणी जाते कुठे? उत्तर समुद्रातच मिळते. इस्रायलच्या एलात इथल्या प्रवाळखडकांवर गिताई याहेल आणि इतरांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत खडकालगतच्या पाण्यात मोकळ्या पाण्यापेक्षा वनस्पतीप्लवक बरेच कमी आढळले. म्हणजे खडकावरची वस्ती ते गाळून खात होती. या वस्तीत स्पंज असतात, शिंपले असतात, नळीत राहणारे पिसाऱ्याचे किडे असतात, आणि फटीफटीत लपलेले कोपेपॉड असतात. कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान कवचधारी. ते शैवाल खातात, भराभर पिल्ले घालतात, आणि रात्री पाण्यात उतरतात. त्याच वेळी बऱ्याच जातींच्या प्रवाळांचे पॉलिप पूर्ण उघडलेले असतात. शैवालाची पेशी जे पॉलिपला देऊ शकली नसती ते कोपेपॉडचे पिल्लू देते: पकडता येईल असे माप, हालचाल, आणि भरगच्च प्रथिन. हिरव्या बाटलीची खरी किंमत या मधल्या पायरीत आहे. तुम्ही प्रवाळाला जेवण वाढत नसता, त्याची शिकार पोसत असता.

या मधल्या पायरीचे एक रासायनिक कारणही आहे. ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले सागरी प्राण्यांची पेशीपटले, मज्जासंस्था, अंडी या सगळ्यांना लागतात, पण बहुतेक प्राण्यांना ती स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. ती प्रामुख्याने शैवालांत तयार होतात आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे वर सरकत जातात. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए भरपूर, पण डीएचए जवळजवळ नाहीच. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगले, ईपीए थोडे. टेट्रासेल्मिस मापाने सोयीची, कोपेपॉडना आवडती, पण डीएचएच्या बाबतीत रिकामी. त्यामुळे एकाच जातीची बाटली वर्षानुवर्षे ओतत राहणे हा अर्धपोटी ठेवण्याचाच प्रकार आहे. दोन जाती, एक हिरवी आणि एक तपकिरी, वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवून टाकीत एकत्र द्याव्यात. एकाच बाटलीत दोघींना घालू नये. नॅनोक्लोरोप्सिस काही दिवसांतच सगळी जागा बळकावते.

वाढवायची रीत अवघड नाही, पण तिच्यात शिस्त आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली चालते. शीतपेयाची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन घेतली तरी पुरे. पाण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानातले सागरी क्षारांचे मिश्रण हवे, स्वयंपाकाचे मीठ नाही. क्षारता समुद्रापेक्षा थोडी कमी ठेवली तर नॅनोक्लोरोप्सिसला उलट बरेच वाटते. पाणी निर्जंतुक करायला साधे ब्लीच थोड्या प्रमाणात घालून रात्रभर ठेवतात आणि सकाळी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारतात. वास पूर्ण गेल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही. मग विरजण लावावे तसे आधीच्या तयार वाणातले पाणी त्यात घालायचे, साधारण चार भाग नव्या पाण्याला एक भाग. विरजण जितके ताजे आणि जितके सढळ, तितकी बाटली लवकर रंग धरते आणि परक्या जंतूंना शिरकाव करायला वेळ मिळत नाही. हवेची नळी तळापर्यंत सोडायची, पण तिला एअर स्टोन लावायचा नाही. बारीक बुडबुडे फेस करतात आणि पेशी त्या फेसाबरोबर काठावर जाऊन वाळतात. मोठे, संथ बुडबुडे पाणी ढवळतात, पेशी तळाशी बसू देत नाहीत आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत पोचवतात. नळीच्या तोंडाशी हवेची गाळणी किंवा स्वच्छ कापसाचा बोळा असावा. उजेडाला साधी पांढरी एलईडी ट्यूब, दिवसाचे चौदा-सोळा तास. खिडकीतले थेट ऊन नको, कारण आपल्याकडच्या उन्हात दोन लिटरची बाटली दुपारपर्यंत तापून जाते. वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस हा सुखाचा पट्टा. आयसोक्रायसिसचा टाहिटी बेटाजवळून आलेला वाण उबदार पाण्यात बरा टिकतो, म्हणून उष्ण प्रदेशातल्या घराला तोच सोयीचा.

खताच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे, कारण इथली चूक थेट प्रवाळांपर्यंत जाते. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे काम करणाऱ्या रॉबर्ट गिलार्ड यांनी जॉन रायथर यांच्यासह १९६२ मध्ये सागरी शैवालांसाठी एक पोषक द्रावण मांडले आणि १९७५ मध्ये सागरी अपृष्ठवंशीय जिवांना खाऊ घालायचे शैवाल कसे वाढवावे यावर लिहिताना ते अधिक तपशिलाने दिले. आज जगभरातल्या प्रयोगशाळा आणि शिंपल्यांची पैदास करणाऱ्या हॅचऱ्या ते वापरतात. त्याच्या मूळ ताकदीच्या निम्म्या द्रावणाला एफ-बाय-टू म्हणतात. लिटरभर पाण्यात ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम सोडियमचे फॉस्फेट, लोह-मँगनीज-जस्त-तांबे यांसारखी सूक्ष्म द्रव्ये, आणि थायमिन, बायोटिन, बी-१२ ही तीन जीवनसत्त्वे, असा त्याचा घाट. हे तयार द्रावण विकत मिळते. त्याऐवजी शेती सेवा केंद्रातले १९:१९:१९ खत घातले तर काय बिघडले, असा प्रश्न काटकसरी माणसाच्या मनात येतो. पाणी हिरवे होईल, यात शंका नाही. पण समुद्री प्लवकात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण सरासरी सोळा अणूंना एक असे असते. आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमाण सागरशास्त्राचा पाया मानले जाते. एफ-बाय-टू मध्ये ते साधारण चोवीसाला एक आहे, त्यामुळे फॉस्फेट आधी संपते. १९:१९:१९ मध्ये ते जेमतेम पाचाला एक भरते. शैवाल आपल्या गरजेपुरता फॉस्फरस घेणार आणि उरलेला तसाच बाटलीतून टाकीत जाणार, आणि प्रवाळांच्या टाकीत सर्वांत नको असलेली गोष्ट म्हणजे साचलेले फॉस्फेट. शिवाय या खतात नायट्रोजनचा काही भाग अमोनियम आणि युरियाच्या रूपात असतो, आणि तो उरला तर तोही टाकीतच जातो. बाहेर उघड्यावर मोठ्या टाक्यांत शैवाल काढणाऱ्या हॅचऱ्या शेतीची खते वापरतात, हे खरे, पण तिथले शैवाल प्रवाळांच्या छोट्या काचेच्या पेटीत जात नसते.

पाच-आठ दिवसांत पाणी गडद हिरवे होते. चांगल्या पिकलेल्या नॅनोक्लोरोप्सिसच्या एका मिलिलिटरमध्ये कोटभर पेशी असू शकतात. अर्धी बाटली काढून घ्यायची, तेवढेच नवे खारे पाणी आणि खत घालायचे, आणि पुन्हा वाट पाहायची. काढलेले पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते, मात्र रोज हलवावे लागते, नाहीतर पेशी तळाशी बसून गुदमरतात. ही बाटली कधीतरी बसणारच, हे आधीच मान्य करून चालावे. सकाळी हिरवी असलेली बाटली संध्याकाळी फिकट, पिवळट आणि तळाशी गाळ साचलेली दिसते. बहुतेक वेळा दोषी असतो तो आत शिरलेला रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी किंवा एकपेशीय भक्षक. टाकीत वापरलेला चमचा, गाळणी, ओला हात एवढे त्याला पुरते. म्हणून शैवालाची साधने आणि टाकीची साधने कधीही एकत्र करू नयेत, एक बाटली नेहमी वेगळ्या खोलीत राखीव ठेवावी, आणि दर काही आठवड्यांनी सगळे धुऊन नव्याने लावावे. वास हा उत्तम पारखी आहे. निरोगी बाटलीला समुद्राचा, ओल्या गवताचा ताजा वास येतो. कुजका वास आला की ती बाटली टाकीत जाता कामा नये, कितीही हिरवी दिसो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खताचे पाणी टाकीत ओतणे म्हणजे घाण ओतणेच नव्हे काय? हिशेब करून पाहू. एफ-बाय-टू च्या लिटरभर पाण्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असते. २०० लिटरच्या टाकीत रोज १०० मिलिलिटर ओतले आणि त्यातले काहीच कुठे खर्च झाले नाही असे वाईटात वाईट धरले, तर महिन्याअखेर नायट्रेट लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅमने आणि फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमने वाढेल. नायट्रेटची वाढ क्षुल्लक म्हणावी. फॉस्फेटची मात्र नाही, कारण प्रवाळ पाळणारे फॉस्फेट याच पातळीवर राखू पाहतात. प्रत्यक्षात यातले बरेच पेशींच्या रूपात जाते, खाल्ले जाते, स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) आणि पाणीबदल यांतून बाहेर पडते. पण इथेच एका लाडक्या दाव्याचेही उत्तर मिळते. जिवंत शैवाल टाकीतले नायट्रेट-फॉस्फेट शोषून पाणी स्वच्छ करते, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. बाटलीतल्या पेशींनी जो नायट्रोजन शोषला तो बाटलीतल्या खताचा होता. तो पेशीत बांधून तुम्ही टाकीत आणला. पेशी खाल्ली गेली की त्याचा काही भाग कोपेपॉडच्या, पुढे प्रवाळाच्या शरीरात राहतो आणि उरलेला पुन्हा पाण्यात येतो. टाकीत वजाबाकी होत नाही, थोडी बेरीजच होते. ती बेरीज अन्नाच्या रूपात होते म्हणून ती स्वीकारायची, एवढाच प्रामाणिक दावा करता येतो. पाणी स्वच्छ करायचे काम स्किमरचे, पाणीबदलाचे आणि पाळणाऱ्याच्या हातांचे.

यातून प्रमाणाची दिशा आपोआप ठरते. बाटली पूर्ण पिकली की मगच काढावी, म्हणजे खत पेशींत गेलेले असते. सुरुवात अगदी थोड्याने करावी, वर धरलेल्या प्रमाणाच्या चौथाईने, आणि दर आठवड्याला फॉस्फेट मोजून हळूहळू वाढवावे. दिवे मालवल्यावर ओतावे, स्किमर आणि अतिनील दिवा तासा-दोन तासांसाठी बंद ठेवावा, पाण्याचा प्रवाह मात्र चालूच असावा. आठवड्यातून एकदा तासभर धो धो ओतण्यापेक्षा रोज चमचा-दोन चमचे हजारपट चांगले, कारण कोपेपॉड रोज खातात. बाटलीचा परिणाम पाहायचा तो प्रवाळाकडे बघून नव्हे. रात्री टॉर्च घेऊन काचेवर पाहावे. पांढरे ठिपके पळताना दिसू लागले, दर आठवड्याला जास्त दिसू लागले, तर बाटली आपले काम करते आहे. टाकीत वाळू नसेल, खडक नवे असतील, कोपेपॉड कधी सोडलेच नसतील, किंवा त्यांना वेचून खाणारे मासे भरपूर असतील, तर हिरवे पाणी ओतून काही साधणार नाही. आधी खाणारे हवेत.

तयार बाटली दुकानातून आणणे सोपे नाही का, हा तिसरा आक्षेप. टाकी छोटी असेल, घरात जागा नसेल, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतील, तर जरूर विकत घ्यावी. नीट थंड ठेवलेले, दाट केलेले शैवाल पौष्टिक असते आणि त्यात परके भक्षक नसतात. पण विकतच्या बाटलीत बहुधा मेलेल्या पेशी असतात. मेलेली पेशी खाल्ली गेली नाही तर खाली बसते आणि सडते. जिवंत पेशी पाण्यात टिकते, आणि कोणीतरी तिला गाठेपर्यंत तिच्यातले मेद शाबूत असतात. शिवाय कोपेपॉड किंवा रोटिफर स्वतंत्रपणे वाढवायचे म्हटले तर रोज इतके शैवाल लागते की विकत घेणे परवडत नाही. ज्याला फक्त चार मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत त्याने विकतवर भागवावे. ज्याला टाकीत अन्नसाखळी उभी करायची आहे त्याला घरची बाटली टाळता येणार नाही.

भारतात हा विषय एका वेगळ्या वळणावर येतो. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ यांचा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. मालवणच्या किल्ल्याभोवतालचा असो वा गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळचा, समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, आणि कुठून आले याचा कागद नसलेले प्रवाळ विकत घेणे म्हणजे त्याच गुन्ह्याला पैसे पुरवणे. मालवणचे प्रवाळ आधीच गढूळ पाणी, पर्यटकांचे पाय आणि तापता समुद्र सोसत आहेत. पण हिरवी बाटली वाढवायला प्रवाळ असावेच लागतात असे नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन साधले आहे, आणि त्या साऱ्या उद्योगाचा पाया हेच शैवाल आहे: अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू रोटिफर खाते आणि रोटिफर नॅनोक्लोरोप्सिस खातो. टाकीत जन्मलेला प्रत्येक क्लाउनफिश म्हणजे समुद्रातून न पकडलेला एक मासा. महाराष्ट्र-गोव्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवू पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी: दोन बाटल्या शैवालाच्या, एक रोटिफरची, आणि हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची एक जोडी. बाटलीतले वाण जिथून आणाल तिथून जातीचे नाव लिहून घ्या, आणि नको झालेले पाणी ब्लीच घालून मारल्याशिवाय गटारात, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका.